बिनवाऱ्याचं वादळ

बसा सगळी. मागं उभी ऱ्हायलीत त्यांनी बी बसा, सतरंजी रिकामी हाय. मानसं उभी असली की मला वाटतं ती निघालीतच, आन मग मला बी निघावंसं वाटतं.

मी कोमल. वरच्या वस्तीवरच्या भिवाची पोरगी. आमची मेंढरं हुती, आता थोडी उरलीत, बाकी ऊस. शाळा नववीत सुटली. तुमच्यातल्या निम्म्यांनी माझा आवाज आज पयल्यांदा ऐकला आसंल. आई सकाळी म्हनली, "तू बोलनार? दुकानात साखर बी बोट दावून घेतीस तू." खरं हाय, आई. पन आजचं काम बोट दावून भागायचं न्हाय.

सरपंच बोललं. पाव्हनं बोललं. सतीशदादा, तात्यांचा मुलगा, पुन्यास्नं आलाय, त्यो बोलता बोलता मधीच खाली बसला. समद्यांनी सांगितलं, शंकरतात्या लई शांत मानूस हुतं. व्हय, हुतं. पन शांत असनं येगळं आन एकटं असनं येगळं. मला त्यातला फरक ठावं हाय, कारन मला बी लोक शांतच म्हनत्यात.

तात्या एकटं कशानं पडलं? एका शब्दानं पडलं. त्यो शब्द सगळ्या शेळगावला ठावं हाय, आन आज सकाळपास्नं कुनी तोंडातनं काढला न्हाय. गेलेल्या मानसाम्होरं बरं दिसत न्हाय म्हनून आसंल. मग मीच काढते.

वादळ.

वादळतात्या म्हनायचा का न्हाय तुमी त्यास्नी? म्हनायचा. तोंडावर म्हनायचा.

बाहेरगावची पाव्हनी हायत म्हनून सांगते. तात्यांनी उभा जन्म जहाजावर काढला. बिनतारीवर. कानाला हेडफोन लावायचा आन टिकटिक ऐकायची, लांबच्या जहाजांशी, बंदरांशी बोलायचं, ही त्यांची नोकरी. आपल्या गावाला समुद्र म्हंजी टीव्हीतला. आन ह्यो मानूस तितं राहून आला. रिटायर झालं, काकी वारल्या, मग हितं कॅनॉलच्या कडंला दोन खोल्या बांधल्या. आन दारात ह्यो खांब उभा केला. बघा वर. समद्यांनी एकदा वर बघा. त्या तारा कपडे वाळवायच्या न्हाईत. त्या तारांवरनं तात्या जगाशी बोलायचं. सरकारी परवाना हाय त्याचा, भितीला फ्रेम करून लावलाय. हॅम रेडिओ म्हनत्यात त्याला.

आता वादळाचं.

तात्या तवा रोज सांजच्याला फाट्यावर टपरीवर यायचं. एकदा चहा पिता पिता म्हनलं, "उद्या मोठं वादळ हाय." लई खुशीत म्हनलं. तितं बापू बसलं हुतं. बापू, तुमी फुडंच बसलाय, रागावू नका. बापूंचा कांदा काढून रानात पडला हुता, वाळाय. आन बापूंनी इचार केला, ह्यो मानूस जहाजावरचा. वादळ ह्याला न्हाय कळनार तर कुनाला कळनार?

बरोबरच हुता की इचार. मी असते तर मी बी त्योच केला असता.

बापूंनी घरातली, भावकीतली, सगळी ताडपत्री गोळा केली. कांदा झाकला. वर दगडं ठिवली. आन वाट बघत बसलं. ऊन असं पडलं हुतं की मेंढरू सावली सोडंना. झाडाचं पान हललं न्हाय. एक दीस गेला, दुसरा गेला. तिसऱ्या दिवशी ताडपत्री उचलली तर खालनं वाफ आली आन वास आला.

बापू तडक हितं आलं. मी कॅनॉलवर मेंढरं घेऊन हुते, मी ऐकलंय सगळं.

बापू म्हनलं, "तात्या, कुठं हाय वादळ?"

तात्यांनी खिडकीतनं बोट वर केलं. "वर चाललंय की. अजून उतरलं न्हाय."

बापूंनी वर बघितलं. "तात्या, घार हाय ती."

हसा. मला बी हसू आलं हुतं. तात्या सोता सांगायचं नंतर आन हसायचं. पन बापूंचा कांदा खरा हुता, आन त्यो खरा गेला. तात्या दुसऱ्या दिवशी बापूंच्या घरी गेलं समजून सांगाय. बापूंनी दार लावून घेतलं. बापू, मी तुमाला दोस देत न्हाय. कुजलेल्या कांद्याम्होरं सूर्याची गोष्ट कोन ऐकनार?

मग मातूर गावानं धरलं. तात्या फाट्यावर आलं की कुनीतरी म्हनायचं, "तात्या, ताडपत्री काढू का?" हळद असली की, "तात्या, मांडव घालावा का नको?" पोरं सायकलवरनं जाता जाता वरडायची, "वादळ आलं, वादळ आलं." पयल्या पयल्यांदा तात्या हसायचं. मग नुसतं चहा पिऊन उठायचं. मग यायचंच बंद झालं. घरीच चहा करायचं, आन बिनसाखरेचा प्यायचं, कारन साखर आनाय दुकानात जावं लागतं.

तुमी त्यास्नी वाळीत टाकलं न्हाय. तसं कुनी म्हनू शकत न्हाय. नुसतं हसलात. पन हसन्यातनं बी मानूस हळूहळू बाजूला जातो, आन कुनाच्या ध्यानात येत न्हाय कधी गेला.

माझी वळख कशी झाली सांगते. आमचं एक कोकरू ह्या खांबाच्या तानात आडकलं, ती तिरकी तार हाय न्हवं, तिच्यात. तात्यांनी सोडवलं. मी उभीच. धन्यवाद म्हनावं असं वाटत हुतं, पन तोंड उघडंना. शाळेत बी माझं ह्येच व्हायचं. बाई म्हनायच्या वाच मोठ्यानं, आन मी पुस्तक धरून उभी. पोरं हसायची. आईची पाठ दुखायला लागली, घरी कुनीतरी पायजे हुतं, म्हनून शाळा सुटली असं आमी सांगतो. ते खरं हाय. पन मला बरं बी वाटलं हुतं, ते बी खरं हाय.

तात्यांनी माझ्याकडं बघितलं आन म्हनलं, "बोलायला आवडत न्हाय व्हय? मग तुला तोंड न उघडता बोलाय शिकवतो." आन टेबलावर एक चावी ठिवली, कुलपाची न्हाय, तारायंत्राची. पितळंची, जुनी, सरावाची. दाबली की टूं वाजतं. थोडी दाबली तर डि. जरा जास्त दाबली तर डा. यवढ्यावर सगळी भाषा. म्हनलं, "नाव काय?" मी बोलले न्हाय, भुईवर बोटानं लिहिलं. ते वाचून तात्या खुश. म्हनलं, "अगं, तुझ्या नावाचं पयलं अक्षर, इंग्रजी के, म्हंजी डा-डि-डा. ते आमच्यात बोलून झाल्यावर शेवटी देत्यात. त्याचा अर्थ हाय, आता तू बोल, मी ऐकतोय."

मला आजवर कुनीच असं म्हनलं न्हवतं.

तेव्हापास्नं मी मेंढरं ह्याच अंगाला आनायची. तात्या बोलायचं, मी चावीवर उत्तर द्यायची. पाऊस झाला, डि डा. कुत्रं आजारी हाय, डा डि डि. खरी चावी, ती तारांना जोडल्याली, तिला मी कधी हात लावला न्हाय. तात्या त्या बाबतीत लई कडक. म्हनायचं, "परवाना काढल्याबिगर न्हाय. परीक्षा दे, मग बोल जगाशी." ते ऱ्हायलं. देनार हाय मी ती, पन आज त्याचं न्हाय.

आन मीच एक दिवशी चावीवर इचारलं, वादळ म्हंजी काय?

तात्यांनी कानावरनं हेडफोन काढला. म्हनलं, "ह्यो प्रश्न गावात कुनी इचारलाच न्हाय बघ. समद्यांनी कांद्याचंच इचारलं."

आता मी सांगते, तात्यांनी सांगितलं तसं. चुकलं तर मागं सर बसलेत, बारामतीच्या कालिजातलं, तात्यांचं रेडिओवालं मैतर, ते नीट करतील.

आपल्या डोक्यावर, ढगांच्या बी लई वर, एक थर हाय. हवा तितं पातळ असती, उन्हानं ती फुटती आन तिच्यात वीज खेळती. रेडिओचा आवाज वर जातो, त्या थराला आपटतो आन परत खाली येतो, लांब कुठंतरी. भितीवर चेंडू मारल्यावानी. म्हनून तात्या हितं बोललं की समुद्रापल्याड ऐकू जायचं.

आता सूर्य कधी कधी खाकरतो. तात्यांचा शब्द हाय ह्यो. त्यातनं एक वारं सुटतं, पन आपल्या वाऱ्यावानी न्हाय, अंगाला लागत न्हाय. ते येऊन पृथ्वीच्या चुंबकाला धडकतं. चुंबक हलतं, ध्रुवाकडं जास्त. त्याला म्हनत्यात चुंबकी वादळ. पान हलत न्हाय, कांदा भिजत न्हाय. पन वर, त्या थरात, विजेचा रेटा बदलतो.

मी इचारलं, चुंबक हललं ते ध्रुवाकडं, मग हितं आपल्याकडं कसं काय कळतं?

तर तात्या म्हनलं, "तुमच्या वाड्याला कुत्रं हाय ना? लांडगा आला तर आत यिऊ देतं का?"

मी मान हलवली, न्हाय.

"पन एकदम आला तर? कुत्रं झोपलंय, आन लांडगा उडी टाकून आत."

तर तसं हाय ते. रोजच्याला ध्रुवाकडचा विजेचा रेटा तितंच आडतो, फुडं यिऊ देत न्हाय, राखन असती. पन वादळ एकदम आदळलं की राखन उठूस्तवर रेटा आत शिरतो, पार खाली केरळाच्या बी फुडं, तितनं पृथ्वीच्या पोटावरची रेघ जाती, तितंवर. शिरतो तर क्षनात शिरतो. आन दिवसाउजेडी शिरला तर त्यो सगळा थर वर उचलतो. ताडपत्रीखाली वारं शिरलं की ती कशी फुगून वर उठती, तसा. दिवस बुडायच्या टायमाला आसा उचलला तर त्याच्या बुडाला बुडबुडे धरत्यात. गुऱ्हाळात काहिली बघितलीय ना सगळ्यांनी? रस उकळाय लागला की खालनं बुडबुडा उठतो आन वर यिऊन फुटतो. तसंच. पन त्यो बुडबुडा आख्ख्या जिल्ह्यायवढा. त्यातनं रेडिओचा आवाज गेला की थरथरतो, तुटतो, इरतो. मोबाईलवरचा नकाशा बी आपल्याला भलत्याच्याच रानात दावतो कधी कधी, ते बी त्यामुळंच.

आन वादळ सरलं तरी लगेच सगळं जागेवर येत न्हाय. ध्रुवाकडची हवा तापल्याली असती, तिचं वारं वरच्या वर हिकडं येतं, हळूहळू, आन त्या वाऱ्यानं उलटा रेटा बसतो. काल थर वर उचलला, आज खाली दाबला. म्हनून वादळानंतर बी दोन-चार दीस वर नुसता सावळागोंधळ असतो.

सर, बरोबर हाय का? मान हलवली त्यांनी.

म्हंजी बापू, त्या दिवशी वादळ आलं हुतं. तात्या खोटं बोललं न्हवतं. तुमी वर बघितलं, तवा त्या घारीच्या लई वर खरंच कायतरी चाललं हुतं. दोघं बी खरं हुता. शब्द तेवढा एक हुता, आन त्यो दोघांत पुरला न्हाय.

आता मी ज्याच्यासाठी उभी ऱ्हायलीय ते सांगते.

तात्यांचा एक मैतर हाय. मॉरिशसला. समुद्रातलं बेट हाय ते, आफ्रिकेच्या अंगाला. त्याचं नाव लक्षुमन. त्याच्या पंजोबाला हितल्या मुलखातनं उसाच्या कामाला नेलं हुतं, ते तितंच ऱ्हायलं. त्याला मराठी येती, मोडकी. तात्या पयल्यांदा बोललं तवा त्यो म्हनला, "तुमचे गावात ऊस हाय?" तात्या म्हनलं, "हाय की." तर त्यो म्हनला, "हितं पन ऊस. म्हंजे मी दूर नाय."

तवापास्नं रोज. दिवस बुडाला की, तितं अजून ऊन असतं, तवा लक्षुमन हाक मारनार आन तात्या ओ देनार. ऊस किती झाला, गुडघा दुखतोय का, जेवनाला काय. त्याची बी बायको गेलीय. त्यो बी एकटाच ऱ्हातो. शेवटाला दोघं म्हनायचं, त्र्याहत्तर. मला वाटलं वय सांगत्यात का काय, पन तात्यांचं वय तर त्याच्या फुडं गेल्यालं. मग कळलं. ह्या लोकांच्यात निरोप घिताना त्र्याहत्तर म्हनायची रीत हाय. म्हंजी राम राम, बरा ऱ्हा, जिवाला जप. सगळं एका आकड्यात.

मी इचारलं, फोन का करत न्हाय? नंबर घ्या की. तात्या म्हनलं, "फोन कवाबी लागतो गं. मग मानूस उद्या करू म्हनतो. ह्याचं तसं न्हाय. हितं दोघांला येळेवर बसावं लागतं, आन वरनं बी साथ लागती." नंबर घेतला न्हाय. त्यानं बी दिला न्हाय.

वादळ असलं की मातूर लक्षुमन यायचा न्हाय. नुसती खरखर. तरी तात्या सेट चालूच ठिवायचं. एकदा मी उठून बंद कराय गेले, तर म्हनलं, "नको. त्यो बोलत आसंल."

मी चावीवर म्हनलं, पन ऐकू येत न्हाय की.

तात्या म्हनलं, "मला येत न्हाय. म्हंजी त्यो बोलत न्हाय असं कुठं हाय?"

आन मग तात्या बी बोलायचं. खरखरीत. लक्षुमन, शेळगावहून शंकर बोलतोय. लक्षुमन, शेळगावहून शंकर. बोलायचं आन थांबायचं. बोलायचं आन थांबायचं. हितं ह्यो बोलतोय, तितं त्यो बोलतोय, आन दोघांला बी वाटतंय आपुनच एकटं बसलोय. त्यायवढं एकटं मी कुनाला बघितलं न्हाय.

मागच्या बुधवारी तात्यांच्या छातीत कळ आली. गाडीत घालताना त्यांनी मला खुनवलं. म्हनलं, "बारामतीस्नं दोन दिसांत येतो. लक्षुमनला सांगाय सरांना सांग. त्यो वाट बघंल." घरचं कायबी सांगितलं न्हाय. दागिना न्हाय, रान न्हाय. यवढंच.

तात्या आलं न्हाईत.

त्यांच्या लोकांत, ह्या रेडिओवाल्यांत, कुनी गेलं की मेला म्हनत न्हाईत. म्हनत्यात, चावी गप झाली.

मी सरांना फोन केला. ज्या पोरीनं दुकानात साखर मागितली न्हाय तिनं फोन केला. सर त्याच सांजंला आलं, तात्यांच्याच खुर्चीत बसलं, सरांकडं परवाना हाय. सरांच्या सोसायटीत खांब लावू देत न्हाईत, गच्चीवर बारकी तार हाय, तिच्यावरनं मॉरिशस गाठत न्हाय. म्हनून हितं यावं लागतं. रेडिओवाल्यांच्या यादीत लक्षुमनचा ईमेल सापडला, त्यावर धाडलं, ते माघारी आलं.

आन नेमकं तवाच वर वादळ. एक सरतंय तवर दुसरं. सर रोज येत्यात, गाडीवर, कालिजातनं परस्पर. रोज खरखर.

परवा मातूर लक्षुमनचा आवाज आला. सतीशदादा, तुमी बी हुता. लांबनं, बुडबुड्यातनं आल्यावानी, थरथरत. शंकर, शंकर, लक्षुमन बोलतो. शंकर, ऊस तुटला का? सर लगीच बोललं. पुन्हा बोललं. त्याला ऐकू गेलं न्हाय. त्यो आपला म्हनतोय, शंकर, मी हाय हितं. आन मग गेला.

म्हंजी त्यो रोज बसतोय. त्याला वाटत आसंल नुसतं वादळ हाय. सरलं की शंकर येनार.

आता खांबाचं. सतीशदादांनी तात्यांचं ह्ये रान बापूंना वाट्यानं दिलंय, चांगलं केलं, पडून ऱ्हान्यापरीस बरं. उद्या बापूंचा ट्रॅक्टर लागनार. खांबाचं तान चारी अंगाला रानात हायत, नांगराच्या आडवं येत्यात, म्हनून खांब आजच सांजच्याला खाली घ्यायचं ठरलंय. दोर आनून ठिवलाय, तितं बोरीखाली दिसतोय.

बापू, मी तुमच्याकडं कधी काय मागितलं न्हाय. कुनाकडंच न्हाय. आज मागते. खांब ऱ्हाऊ द्या. कायमचा न्हाय म्हनत मी. वादळ सरूस्तवर. एकदा लक्षुमनला कळू द्या, मग मी सोता दोराला हात लावीन. तवर तानाच्या कडंनं नांगरा, मदला तुकडा ठिवा. तितं हळद लावायची ऱ्हायली तर मी आन आई नंतर कुदळीनं खनून देऊ.

कुनी म्हनंल, यवढं काय त्यात? गेलेला गेला. तिकडचा म्हातारा आज न्हाय उद्या समजून जाईल. न्हाय जायचा. त्याला काय समजंल सांगू? त्याला वाटंल शंकरनं बोलायचं सोडलं. फाट्यावर आपुन ज्ये तात्यांचं केलं, त्येच त्याचं हुईल, आन ह्या टायमाला तात्यांच्या नावानं. तात्यांनी कुनाला आसं केलं न्हाय. त्यांच्या नावावर ह्ये नको.

मघाशी सभा सुरू व्हायच्या आदी मी चपला लावत हुते तितं बापू आलं. दोन-तीन वर्सांत पयल्यांदा ह्या अंगनात. यवढी मानसं बी ह्या अंगनात मी पयल्यांदाच बघते. बापूंनी खांबाकडं बघितलं, मग वर बघितलं. आन हळूच इचारलं, "पोरी, ते वादळ... गेलं का अजून हाय?"

 मी नुसती मान हलवली.

बापू, मी तवा सांगाय पायजे हुतं ते आता सांगते. अजून हाय. पन सर म्हनत्यात, उतराय लागलंय.

आता शेवटाला आपुन गप उबं ऱ्हातो, तशी रीत हाय. आज उबं ऱ्हाऊ नका. बसूनच ऱ्हावा. दिवस बुडत आलाय. हीच येळ. मी खिडकी उघडली हाय आन तात्यांचा सेट चालू हाय, ऐका, ती खरखर येतीय ती त्याचीच. सर आत जाऊन खुर्चीत बसत्यात. जावा सर. आज दोन मिन्टं मोजायची न्हाईत. तात्या जसं गप बसायचं तसं बसू, तात्या बसायचं तेवढं बसू. मोबाईल बंद करा. पोरांला मांडीवर घ्या. लक्षुमननं हाक मारली तर सर बोलतील. न्हाय मारली तर उद्या पुन्हा बसू, ज्याला यावंसं वाटंल त्यानं या. चहा मी करीन. साखरेचा.

ही ती सरावाची चावी. तारांना जोडल्याली न्हाय, हिचा आवाज ह्या अंगनाबाहेर जायचा न्हाय. हिच्यावर मी तात्यांना पयल्यांदा उत्तर दिलं हुतं. आज शेवटचं देते.

तात्या, त्र्याहत्तर.

आन आता ह्ये लक्षुमनसाठी. माझ्या नावाचं पयलं अक्षर.

डा. डि. डा.

गप बसा. ऐकू या.